आधी डबा उघडा, मग रूपांतर

(वाचनालयातल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'व्हिडिओ रूपांतरातल्या अडचणी व त्यांवरील उपाय'. हा विषय संयोजकांनी दिलेला आहे. मला विचारलं असतं तर मी 'रूपांतर करू नका' एवढंच छापायला सांगितलं असतं आणि आपण सगळे आत्ता चहा घेत असतो. पण तुम्ही पावसातून आला आहात, काहींच्या हातात पेनड्राइव्हही दिसताहेत, तेव्हा बोलायलाच हवं. व्हिडिओच्या पाच नेहमीच्या तक्रारी आणि पाच उपाय सांगेन, असं मी कबूल केलंय. ते शेवटी. आधी मला माझं म्हणणं मांडू द्या.

माझ्याकडे एडिटिंगच्या टेबलाशी येणारी माणसं बहुतेक एकच वाक्य बोलतात. "ही फाइल चालत नाही हो, जरा एमपीफोर करून द्या." मी उघडून बघतो तर फाइल आधीच एमपीफोर असते! ती चालत नसते वेगळ्याच कारणानं.

एमपीफोर, एमकेव्ही, एव्हीआय, एमओव्ही ही सगळी डब्यांची नावं आहेत. आपल्याकडे बोर्नव्हिटाच्या बरणीत मसूरडाळ असते की नाही? घरच्यांना ते ठाऊक असतं, फसतो तो पाहुणा. तुमचा टीव्ही हा असा पाहुणा आहे. आत चित्र वेगळ्या पद्धतीनं दाबून भरलेलं असतं, आवाज वेगळ्या पद्धतीनं, सबटायटल तिसऱ्याच. दाबण्याच्या अशा प्रत्येक पद्धतीला कोडेक म्हणतात. चित्राचे नेहमीचे कोडेक बघा. डीव्हीडीवर एमपेग-टू असतो, २००३ साली प्रमाणित झालेला एच-२६४ आज जवळजवळ सगळीकडे चालतो, २०१३चा एच-२६५ म्हणजेच एचईव्हीसी, आणि २०१८चा एव्हीवन. आता डबे. मायक्रोसॉफ्टचा एव्हीआय १९९२चा. एमपीफोरचा डबा अॅपलच्या क्विकटाइमच्या साच्यावर बेतलेला. एमकेव्ही २००२मध्ये सुरू झाला, त्याचं मात्रोस्का हे पूर्ण नाव एकात एक बसणाऱ्या रशियन बाहुल्यांवरून घेतलेलं आहे, आणि खरोखरच त्यात वाट्टेल ते मावतं.

आता गंमत बघा. तुमच्याकडे एमकेव्ही आहे, टीव्ही तो घेत नाही. आत बघितलं तर एच-२६४ चित्र आणि एएसी आवाज, दोन्ही टीव्हीला चालणारे. म्हणजे फक्त डबा बदलायचा, आतल्या मालाला हात लावायचा नाही. याला रीमक्स म्हणतात. एफएफएमपेग नावाचं फुकट साधन आहे, फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरनं २००० साली सुरू केलेलं. त्यात 'हायफन सी, कॉपी' एवढं लिहिलं की काम होतं, पडद्यावर मी आदेश दाखवलाय तसा. दोन तासांचा सिनेमा मिनिटाच्या आत तयार, चित्राचा एक बिटही हललेला नाही. काळ्या खिडकीत टाइप करायची धास्ती वाटत असेल तर लॉसलेसकट वापरा, तेच काम बटणांनी होतं. हँडब्रेक हे रूपांतराचं सॉफ्टवेअर मात्र इथे उपयोगाचं नाही. चांगलं साधन आहे, पण चित्र नव्यानं एन्कोड केल्याशिवाय ते राहतच नाही. आणि नुसतं फाइलचं नाव बदलून एमकेव्हीचं एमपीफोर करणारे इथे कोणी असतील तर... हसू नका, मागच्या रांगेत आहेत वाटतं.

नव्यानं एन्कोड करणं म्हणजे उलगडून परत दाबणं. दर वेळी काहीतरी तपशील गळतो आणि गळालेला तपशील परत येत नाही. यावर माझा राग का आहे, ते आता ऐका.

आमच्या मामेबहिणीचं लग्न २००५चं. मिनीडीव्ही कॅसेटवर शूटिंग. काय सुंदर प्रकार होता तो! तासाला साधारण १३ जीबी माहिती, रंग स्वच्छ, फ्रेम-फ्रेम सुटी. एका दुकानानं त्याची डीव्हीडी करून दिली, इथपर्यंत ठीक. मग दुसऱ्या एका दुकानानं डीव्हीडीची एव्हीआय केली, सातशे एमबीच्या सीडीत मावावी म्हणून. पुढे तिसरं दुकान आलं, 'जुनी लग्नं एचडीमध्ये' अशी पाटी लावणारं. त्यांनी त्या एव्हीआयची एमपीफोर केली. म्हणजे डीव्हीडी हातात असताना सीडीवरून! आणि कॅसेट? कॅसेट कुठल्याशा दुकानातच राहिल्या, "आता काय करायच्यात त्या" म्हणून.

ती 'एचडी' फाइल मला दिवाळीत पाहायला मिळाली, सगळ्या नातेवाइकांसमोर, मोठ्या टीव्हीवर. पहिली गोष्ट, सगळे जाड. मूळ चित्र चारास तीन, यांनी ते सोळास नऊमध्ये ताणून बसवलं. हिशेब करा, प्रत्येक माणूस तेहतीस टक्क्यांनी रुंद. आमचे काका मुळातच ऐसपैस, ते फ्रेममध्ये मावेनात. बाजूला काळ्या पट्ट्या ठेवल्या असत्या तर काही बिघडत नव्हतं, पण लोकांना टीव्हीचे कोपरे भरलेले हवे असतात.

दुसरी गोष्ट, कोणी हात हलवला की त्या हाताला कंगव्यासारखे दाते. आपल्याकडची टीव्हीची जुनी पद्धत पाल, तिच्यात सेकंदाला २५ फ्रेम आणि प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची, एकाआड एक ओळींची. ही अर्धी चित्रं आधी सोडवून घ्यायची असतात, त्याला डीइंटरलेस म्हणतात, आणि मगच चित्र मोठं करायचं. यांनी ७२० बाय ५७६ चं चित्र तसंच १९२० बाय १०८० ला फुगवलं. ओळी एकमेकींत मिसळून गेल्या. ते दाते आता कुठल्याही सॉफ्टवेअरनं नीट निघणार नाहीत. एचडी म्हणजे काय, तर नसलेले तपशील शोधायला लावणारी मोठी फाइल.

तिसरी गोष्ट मात्र अशी होती की घरात हास्याचा स्फोट झाला. पंचवीस फ्रेमचा व्हिडिओ कोणीतरी चोवीसचा आहे असं ठरवून टाकलं होतं. सिनेमासारखा लुक येतो म्हणे! आवाज तसाच ठेवला. आता तासाभराच्या नव्वद हजार फ्रेम सेकंदाला चोवीसनं दाखवायच्या तर साडेबासष्ट मिनिटं लागतात. म्हणजे आवाज पुढे पळतोय, चित्र मागून येतंय आणि अंतर वाढत चाललंय. सीमांतपूजन जमून गेलं. मंगलाष्टकांपर्यंत चित्र चांगलं दीड मिनिट मागे पडलेलं. अंतरपाट धरलेला, भटजी तोंड हलवताहेत आणि आवाज बँडचा! पाठवणीला तर कहर झाला. पडद्यावर सगळे कॉफी पिताहेत, विनोद चाललेत, आणि मागून हुंदके. मामी म्हणाली, "बघा, तुम्हाला माझी किती पर्वा होती ते."

हसतोय आपण, पण त्या लग्नातली चार-पाच माणसं आज नाहीत, आणि त्यांचं एवढंच चित्रण आहे. बरं, ते वेगाचं दुखणं बरं होण्यासारखं होतं, ते आम्ही केलंही. डीव्हीडी एका कपाटात सापडली, तिच्यावरून सगळं नव्यानं केलं. कॅसेट मात्र गेल्या त्या गेल्याच. म्हणून सांगतो, सगळ्यात जुनी प्रत जपा आणि कुठलंही रूपांतर करायचं ते तिच्यावरूनच. नकलेची नक्कल करू नका. कोणी 'कॅसेट टाकून देऊ का?' विचारलं तर त्याच्या हातातून...

संयोजकांनी चिठ्ठी दाखवली. सात मिनिटं! पाच तक्रारी राहिल्यात अजून. बरं, भराभर घेतो, लिहून घ्या.

सगळ्यात आधी मीडियाइन्फो नावाचं फुकट साधन टाका, किंवा व्हीएलसी या प्लेयरमध्ये फाइल लावून कंट्रोल आणि जे दाबा. आत कुठला कोडेक, किती फ्रेम, कुठला आवाज, सगळं दिसतं. हे न बघता पुढे जायचं नाही.

चित्र दिसतं, आवाज नाही: बहुधा आवाज डीटीएस किंवा एसी-थ्री या पद्धतीनं दाबलेला आहे आणि टीव्हीला तो कळत नाही. चित्र कॉपी करा, फक्त आवाज एएसी करा. उलट आवाज येतो आणि पडदा काळा, तर चित्र बहुतेक एचईव्हीसी आहे. आयफोन २०१७पासून, आयओएस ११ आल्यापासून, याच पद्धतीनं रेकॉर्ड करतात. जुन्या कॉम्प्युटरसाठी एच-२६४ करावं लागेल, इथे खरं रूपांतर आलं. त्यात सीआरएफ नावाचा आकडा असतो, लहान आकडा म्हणजे चांगलं चित्र आणि मोठी फाइल. अठरा ते तेवीसच्या मध्ये राहा. एचईव्हीसी फाइल व्हीएलसीत चालते पण अॅपलच्या प्लेयरमध्ये नाही, असं झालं तर आतली चार अक्षरी खूण 'एच-ई-व्ही-वन' असेल. ती 'एच-व्ही-सी-वन' करा, चित्राला हात न लावता.

आवाज पुढेमागे: सुरुवातीपासून शेवटपर्यंत फरक सारखाच असेल तर आवाज सरकवा, झालं. फरक वाढत जात असेल तर फ्रेमच्या वेगात घोळ आहे. मोबाइल उजेडाप्रमाणे वेग कमीजास्त करतात आणि एडिटिंग सॉफ्टवेअर गडबडतं. हँडब्रेकमध्ये स्थिर फ्रेमरेट निवडून एकदा काढून घ्या. इथे हँडब्रेक चालेल, हो.

फाइल पेनड्राइव्हवर जातच नाही: पेनड्राइव्ह फॅट-३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला आहे, त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. व्हिडिओ लहान करू नका, पेनड्राइव्ह एक्सफॅट करा. टीव्ही एक्सफॅट वाचतो का ते मात्र बघून घ्या, आणि फॉरमॅट करण्याआधी त्यातलं काढून ठेवा!

रेकॉर्डिंग चालू असताना बॅटरी गेली आणि फाइल उघडत नाही: एमपीफोरची अनुक्रमणिका बहुधा रेकॉर्डिंग संपल्यावर लिहिली जाते. ती लिहायच्या आत फोन बंद पडला. कितीही कन्व्हर्टर लावा, उपयोग नाही. अनट्रंक नावाचं साधन आहे, त्याला त्याच फोनची त्याच सेटिंगवरची धड फाइल नमुना म्हणून द्यायची. पुष्कळदा जमतं.

मराठी सबटायटलच्या जागी चौकोन किंवा भलतीच अक्षरं: सबटायटलची फाइल यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत जतन करा. तरीही चौकोन, तर निवडलेल्या फाँटमध्ये देवनागरी नाही. अक्षरं येतात पण जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलतीकडे जाते, तर ते सॉफ्टवेअर देवनागरी जुळवूच शकत नाही. दुसरं वापरा, फाँट बदलत बसू नका.

व्हॉट्सअॅपचं कोणीतरी विचारलं. व्हिडिओ म्हणून पाठवला की तो पुन्हा दाबला जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. बाकीचे प्रश्न चहाच्या टेबलावर. पेनड्राइव्ह आणले असतील तर द्या, पण मूळ फाइल घरी आहे ना, ते आधी सांगा.