‘नाही’ म्हणायला लागलेली पंधरा वर्षं

(दृश्य: धुक्यातून वर येणारा, एका बाजूने कापलेला डोंगर. खाली लाल-तपकिरी छपरांचं गाव.)

रोमेनियातल्या अपुसेनी डोंगररांगेतलं हे गाव, रोशिया मोंताना. इथल्या खडकात तीनशे टनांहून जास्त सोनं आहे. पण ते गठ्ठ्याने सापडत नाही. एक टन खडक फोडून दळला की हाती येतं जेमतेम दीड ग्रॅम, कानातली बारीकशी बाळी होईल एवढं. म्हणून बेत असा होता, की चार डोंगर वरून खणायचे, सायनाइड वापरून सोनं काढायचं आणि उरलेला विषारी गाळ शेजारच्या कोर्ना दरीत साठवायचा. त्यासाठी अख्ख्या वस्त्या उठवायच्या.

1999 मध्ये खाणपट्टा मिळाला. कंपनी गॅब्रियल रिसोर्सेस, शेअर टोरांटोच्या बाजारात. गावात काम करणाऱ्या तिच्या उपकंपनीत रोमेनियाच्या सरकारी खाण कंपनीचाही जवळपास पाचवा हिस्सा. सरकारच भागीदार म्हटल्यावर परवानगी अडेल कशाला? शेअर घेणाऱ्यांचा हिशोब हाच होता.

(दृश्य: नदीकाठी मेलेल्या माशांचा खच.)

30 जानेवारी 2000. याच देशात, बाया मारे इथे, दुसऱ्याच एका कंपनीच्या गाळाच्या तलावाचा बांध फुटला. सायनाइडचं पाणी हंगेरीतल्या तिसा नदीत गेलं, तिथून डॅन्यूबमध्ये. त्यानंतर सायनाइडच्या खाणीवर सही करणं कुठल्याच मंत्र्याला सोपं राहिलं नाही. आणि नकार देण्याची हिंमतही कुणी केली नाही.

कंपनीने पर्यावरणाचा अहवाल 2006 मध्ये दिला. 2007 च्या सप्टेंबरात तपासणी थांबली, एका दाखल्याच्या वैधतेवरून. पुन्हा सुरू झाली 2010 मध्ये. तीन वर्षं फाइल तशीच पडून! तिकडे सोन्याचा भाव चढत होता. 2011 च्या सुमारास शेअर आठ कॅनेडियन डॉलरच्या आसपास पोचला. असा शेअर हातात असलेल्या माणसाची अवस्था आपल्याकडच्या कुठल्याही गुंतवणूकदाराला कळेल. विकावा, तर उद्याच परवानगी आली म्हणजे? ठेवावा, तर किती दिवस? आणि भाव पडला की आपल्या खरेदीची सरासरी किंमत खाली आणायला आणखी घ्यायचा. कंपनीच्या अहवालांत परवानगीची अपेक्षित तारीख मात्र पुढे सरकत राहायची.

ही खाण झाली नाही ते चांगलंच झालं, असं मला मनापासून वाटतं. तरीही त्या शेअरधारकांचा राग मला खोटा वाटत नाही. नकार पचवता येतो. इथे उत्तरच येत नव्हतं.

आणि त्या वाट पाहण्यात गावही भरडलं गेलं. जुनी सरकारी खाण 2006 मध्ये बंद झाली. गावाचा विकास आराखडा खाणीसाठी राखलेला, म्हणून दुसरा धंदा काढायची सोय नाही. कंपनीने बहुतेक घरं विकत घेतली. दारांना कुलपं लागली. जे हटले नाहीत, त्यांनी भिंतीवर पाटी लावली: हे घर विकाऊ नाही.

(दृश्य: मेणाचा थर दिलेली लाकडी पाटी, अगदी जवळून. मेणावर ओरखड्यांसारखी अक्षरं.)

ही पाटी इथल्याच जुन्या खाणीत सापडली. इसवी सन 164, मे महिना. मेम्मियस नावाचा मजूर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत सोन्याच्या खाणीत राबायचं कबूल करतोय, 70 देनारींवर, म्हणजे रोमन चांदीच्या नाण्यांवर. त्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून दुसऱ्याने लिहून दिलं. त्यात एक अट आहे. मुदत संपल्यावर मालकाने मजुरी द्यायला उशीर केला, तर तीन दिवसांची सवलत. त्यापुढे प्रत्येक दिवसाला दंड. अठराशे वर्षांपूर्वी, याच डोंगरात, उशिराची किंमत मेणावर कोरून ठरवलेली होती.

2013 च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान व्हिक्टर पोंता यांच्या सरकारने या खाणीसाठी खास कायद्याचा मसुदा संसदेत पाठवला. पोंता म्हणाले, पंतप्रधान म्हणून मसुदा पाठवतोय, खासदार म्हणून विरोधात मत देईन. 1 सप्टेंबरपासून बुखारेस्टचे रस्ते तरुणांनी भरून गेले. नऊ तारखेला, संसद मसुदा फेटाळणार अशी चिन्हं दिसताच, शेअर एका दिवसात निम्म्याहून खाली आला. शेवटचं ‘नाही’ उमटलं जून 2014 मध्ये.

कंपनी 2015 मध्ये रोमेनियाविरुद्ध आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेली. युनेस्कोच्या यादीसाठी गावाचं नाव पाठवलं होतं, ते या दाव्याचं कारण देऊन सरकारने मध्येच थांबवून ठेवलं. जुलै 2021 मध्ये रोशिया मोंताना जागतिक वारसा ठरलं. मार्च 2024 मध्ये लवादाने कंपनीचा दावा फेटाळला, वर रोमेनियाच्या खर्चाचा बोजाही तिच्यावर टाकला. शेअर पुन्हा कोसळला.

(दृश्य: शिडीवर उभी एक मुलगी, हातात थापी. भिंतीला चुन्याचा गिलावा.)

उन्हाळ्यात इथे स्वयंसेवक येतात, पडक्या घरांची छपरं आणि भिंती दुरुस्त करतात. शेजारच्या घराला मात्र अजून कुलूप आहे.