आपली सख्खी कोण, लाटगालियन की जपानी?

नमस्कार मंडळी. तुमच्यापैकी बरेच जण जपानी शिकताय, म्हणून सुरुवात दुसऱ्या भाषेपासून करतो. लाटगालियन ही लाटव्हियाच्या पूर्व भागातली, रेझेक्ने-लुद्झाकडची भाषा. २०११च्या जनगणनेत ती रोज बोलणारे सुमारे १ लाख ६४ हजार निघाले. जपानी बोलणारे बारा कोटींच्या घरात. दोघींचं एकमेकींशी काही नातं नाही. पण मराठी कानाला दोन्हीकडे घरचं काहीतरी ऐकू येतं, आणि तेही अगदी वेगवेगळं. मला आज तेच ऐकवायचंय.

लाटगालियनमध्ये दिवसाला म्हणतात 'दीना'. देव म्हणजे 'दीव्स'. आई 'मुओते', तीन 'त्रेइस', आणि तू म्हणजे चक्क 'तू'. डोळ्याला शब्द आहे 'अच्स'. त्यातला च आपल्या 'चमचा'मधला, आणि मुळाशी आपला 'अक्षि'. हे उसने शब्द नव्हेत. हजारो वर्षांपूर्वी एका घरातून निघालेल्या माणसांनी दोन दिशांना नेलेली ही शिदोरी आहे. जपानीत असलं काही शोधायला जाऊ नका, हाती लागणार नाही.

पण आता जपानी वाक्य घ्या. 'ताबेते मिरु'. 'ताबेते' म्हणजे खाऊन, 'मिरु' म्हणजे बघणे. खाऊन बघणे! एखादा पदार्थ पुढे करताना आपली आजी 'खाऊन बघ' म्हणते, तेव्हा त्या बघण्यात डोळ्यांचं काही काम नसतं. जपानीतही नसतं. 'मोत्ते कुरु' म्हणजे घेऊन येणे, 'ताबेते शिमाउ' म्हणजे खाऊन टाकणे. इंग्रजीतून जपानी शिकणाऱ्याला यासाठी पानभर टिपा लागतात. मराठी मुलाला 'ऊन' म्हटलं की पुरे. तरी आपले वर्ग हे इंग्रजी पुस्तकांतून शिकवतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

विभक्तीची गंमत तर आणखी पुढची. जपानीत रस्ता म्हणजे 'मिचि'. त्याला 'नि' लावा, 'दे' लावा, 'ओ' लावा, 'मिचि' जागचा हलत नाही. लाटगालियनमध्ये शब्दाचं शेपूटच बदलतं: 'मुओते' आई, 'मुओतेइ' आईला, कर्म असेल तर 'मुओति'. लिंग, वचन, विभक्ती, सगळं त्या एवढ्याशा शेपटात. आणि आपण? 'रस्ता'चा आधी 'रस्त्या' करतो, मग त्याला 'त' जोडतो. म्हणजे आधी लाटगालियनसारखा शब्द वाकवायचा आणि मग जपानीसारखा प्रत्यय चिकटवायचा. शाळेत ज्या सामान्यरूपाला आपण कंटाळलो, ते नेमकं या दोघींच्या मधोमध उभं आहे.

संबोधनाचं थोडक्यात सांगतो. लाटगालियनमध्ये तू आणि तुम्ही आहे, आपल्यासारखंच. जपानी माणूस 'तुम्ही' शक्यतो टाळतो, नावाला 'सान' जोडून बोलतो. 'अनाता' म्हणजे तुम्ही, पण बायकोनं नवऱ्याला घातलेली 'अनाता' ही हाक ऐकली की मला आपलं 'अहो'च ऐकू येतं.

एका बाबतीत मात्र या दोघींची तुलनाच होऊ शकत नाही. जपानीच्या पाठीशी राज्य होतं, शाळा होत्या, छापखाने होते. लाटगालियनवर रशियन साम्राज्यानं १८६५ ते १९०४ लॅटिन लिपीत छापायची बंदी घातली. जवळजवळ चाळीस वर्षं. त्या काळात आंद्रिव्स यूर्ज्स नावाच्या शेतकऱ्यानं हातानं पुस्तकं लिहून काढली, हजारो पानं. आज लाटव्हियाचा १९९९चा भाषा कायदा लाटगालियनला लाटव्हियन भाषेचं ऐतिहासिक रूप म्हणतो आणि तिच्या लेखी परंपरेच्या जपणुकीची हमी देतो. तिथं 'नमस्कार'ला म्हणतात 'लोब्दीन्य'. 'लोब्स' म्हणजे चांगला. आणि 'दीन' म्हणजे काय, ते आता तुम्हाला सांगायला नको.