वॉर्सासाठी चार दिवस

मित्रहो, महाराष्ट्रातून युरोपला जाणाऱ्या मंडळींच्या सहलीत पॅरिस, रोम, व्हिएन्ना, प्राग ही नावे ठरलेली असतात. पोलंडचा समावेश झालाच, तर तो क्राकुवसाठी होतो, आणि देशाच्या राजधानीच्या वाट्याला विमान उतरल्यानंतरची एक संध्याकाळ तेवढी येते. यामागचा समज असा की वॉर्सा दुसऱ्या महायुद्धात बेचिराख झाले, तेव्हा तिथे पाहण्यासारखे जुने काही उरले नसणार. बेचिराख झाल्याची गोष्ट खरी आहे. १९४४च्या अखेरीस शहराचा सुमारे ८५ टक्के भाग जमीनदोस्त झालेला होता. परंतु त्यातून काढलेला निष्कर्ष मला मुळीच मान्य नाही. एखादे शहर पुसले गेल्यावर तिथल्या माणसांनी ते कोणत्या निश्चयाने पुन्हा उभे केले, हे जितके वॉर्सात दिसते तितके युरोपच्या दुसऱ्या कुठल्याही राजधानीत दिसत नाही. मात्र ते दिसण्यासाठी चार पूर्ण दिवस हवेत, आणि त्या दिवसांचा क्रमही विचारपूर्वक लावायला हवा.

क्रम लावताना आधी संग्रहालयांच्या सुट्ट्या पाहाव्यात. जुन्या शहराजवळचा राजवाडा सोमवारी बंद असतो. पोलिश ज्यूंच्या इतिहासाचे ‘पोलिन’ संग्रहालय आणि नाझी अंमलाविरुद्ध वॉर्साकरांनी केलेल्या १९४४च्या उठावाचे संग्रहालय, ही दोन्ही मंगळवारी बंद असतात. दुसरीकडे, मेच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत दर रविवारी दुपारी बारा आणि चार वाजता वाझिएन्की उद्यानात पोलिश संगीतकार शोपँच्या पुतळ्यापाशी पियानोवादनाच्या खुल्या मैफली होतात, आणि त्यांना तिकीट नसते. त्यामुळे गुरुवार ते रविवार हे चार दिवस सर्वांत सोयीचे. रविवारी पोलंडमधली बहुतेक मोठी दुकाने कायद्याने बंद असतात, म्हणून खरेदी शनिवारपर्यंत उरकावी आणि रविवार निर्धास्तपणे उद्यानासाठी ठेवावा. ऋतू म्हणाल तर मे, जून आणि सप्टेंबर उत्तम. डिसेंबरात दुपारी साडेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि पायी हिंडून पाहण्याच्या या शहरात ती अडचण लहान नाही.

पहिल्या दिवशी जुन्या शहरात जायचे, हे सारेच सांगतात. माझा आग्रह एवढाच की, तिथल्या चौकात फिरण्याआधी राजवाड्यात जावे आणि कानालेत्तोचे दालन पाहावे. बेर्नार्दो बेलोत्तो हा इटालियन चित्रकार १७६७ मध्ये वॉर्सात आला आणि पोलंडचा शेवटचा राजा स्तानिस्वाव ऑगस्ट याच्या दरबारी राहिला. आपल्या प्रसिद्ध मामाचे ‘कानालेत्तो’ हे नाव तोही लावत असे. त्याने वॉर्सातले रस्ते, राजवाडे आणि चर्चे यांची मोठमोठी चित्रे अतिशय बारकाईने रंगवली. या चित्रांपुढे घाई करू नये. खिडक्यांच्या चौकटी, भिंतीवरचा उडालेला गिलावा, रस्त्यातले भिकारी आणि घोडागाड्या असे सारे त्यांत आहे. दीडशेहून अधिक वर्षांनी, जेव्हा मूळ इमारतींचे विटामातीचे ढिगारे झाले होते, तेव्हा वास्तुतज्ज्ञांनी हीच चित्रे समोर ठेवून दर्शनी भागांची पुनर्रचना केली. अर्थात, तेवढ्यावर काम भागले नाही. नाझी अंमलाखाली वॉर्सा तंत्रविद्यापीठातील वास्तुशास्त्राच्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी जुन्या इमारतींची मोजमापे आणि आराखडे गुपचूप जपले होते. उठावानंतर ते शहराबाहेर काढून पिओत्रकुव येथील एका मठात लपवण्यात आले. १९४५ मध्ये राजधानी पुनर्बांधणी कार्यालय स्थापन झाले, तेव्हा हे कागद हाताशी होते.

एवढे ठाऊक झाल्यावर बाहेर पडून जुन्या बाजारचौकात उभे राहिले, की तीच रंगीत घरे वेगळी दिसू लागतात. हा चौक १९५३ मध्ये पुरा झाला. ढिगाऱ्यातून निवडून काढलेले कोरीव दगड नव्या भिंतींत जागोजागी बसवलेले आहेत. दरवाज्यांच्या कमानींकडे निरखून पाहिले, तर एकाच कमानीतला एखादा दगड काळवंडलेला आणि झिजलेला, तर शेजारचा एकसारखा आणि धारदार कडांचा असल्याचे ध्यानात येते. पुनर्बांधणी करणाऱ्यांनी सगळेच जुने परत आणले असेही नाही. घरांच्या मागच्या अंगाला पूर्वी दाटीवाटीने असलेल्या इमारती त्यांनी पुन्हा बांधल्या नाहीत. तिथे अंगणे मोकळी ठेवली आणि आत नव्या काळाला साजेशी राहती घरे केली. ‘नकली जुने शहर’ असे म्हणून नाक मुरडणारे पर्यटक भेटतात. त्यांनी ही अंगणे अवश्य पाहावीत. ही माणसांना राहण्यासाठी बांधलेली वस्ती आहे, आणि १९८० मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशाच्या यादीत घेतले ते पुनर्बांधणीच्या याच कर्तृत्वासाठी. राजवाडा तर याहून उशिरा उभा राहिला. जर्मन सैन्याने १९४४ मध्ये तो सुरुंग लावून उडवला होता; १९७१ ते १९८४ या काळात तो लोकवर्गणीतून पुन्हा बांधला गेला. राजवाड्यासमोर राजा झिग्मुंट तिसरा याचा स्तंभ आहे. १५९६च्या सुमारास क्राकुवहून दरबार इकडे आणणारा राजा तो हाच. स्तंभाचे जुने, भंगलेले दगडी खांब राजवाड्याच्या भिंतीशी आडवे ठेवलेले आहेत. ते चुकवू नयेत.

दुसऱ्या दिवशी जुन्या शहराच्या पश्चिमेला, मुरानुवकडे चालत निघावे. या वाटेवर महाराष्ट्रातून आलेल्या माणसाने थांबलेच पाहिजे, अशी एक जागा आहे. जनरल आंदेर्स यांच्या नावाच्या रस्त्यालगत इटलीत पोलिश सैनिक लढले त्या मॉन्ते कासिनोच्या लढाईचे स्मारक आहे आणि त्याच्याजवळ कोल्हापूरचे स्मारक आहे. १९४० पासून सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून लाखो लोकांना सायबेरियात आणि मध्य आशियात हद्दपार केले. पुढे सुटका झालेल्यांपैकी अनेक जण इराणमार्गे बाहेर पडले, आणि त्यांतल्या सुमारे पाच हजारांना, मुख्यतः स्त्रिया आणि मुलांना, कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत आसरा मिळाला. १९४३ ते १९४८ या काळात तिथे पोलिश शाळा होत्या, चर्च होते, दुकाने होती. जामनगरजवळच्या बालाचडी येथे अशाच मुलांना आश्रय देणारे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांच्या नावाने वॉर्सातल्या ओखोता भागात ‘भल्या महाराजांचा चौक’ आहे. त्यांची कथा त्या मानाने अधिक सांगितली जाते. वळिवड्याची छावणी तिच्याहून कितीतरी मोठी होती, तरी आपल्याकडे कोल्हापूरबाहेर ती फारशी कोणाला ठाऊक नाही, याची मला मनापासून खंत वाटते. २०१७ मध्ये उभारलेल्या या स्मारकाला २०२४च्या ऑगस्टमध्ये भारताच्या पंतप्रधानांनी भेट दिली, तेव्हा थोडी चर्चा झाली. तिथे जाण्याआधी घरातल्या मुलांना ही हकीकत सांगून ठेवावी.

तिथून काही मिनिटांच्या अंतरावर मुरानुव सुरू होते. युद्धापूर्वी वॉर्साच्या तेरा लाख लोकसंख्येत जवळपास एकतृतीयांश ज्यू होते. नोव्हेंबर १९४० मध्ये नाझींनी त्यांना भिंतीआडच्या बंदिस्त वस्तीत, म्हणजे घेट्टोत, कोंडले. १९४२च्या उन्हाळ्यात त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे गाड्या सुटू लागल्या. १९ एप्रिल १९४३ रोजी उरलेल्यांनी उठाव केला आणि तो चिरडल्यावर हा सगळा भाग पाडून सपाट करण्यात आला. युद्धानंतर येथे इतका राडारोडा होता की तो हलवणे अशक्य ठरले. मग वास्तुकार बोहदान लाखेर्त यांनी राडारोडा जागीच ठेवून, त्याच्याच चुऱ्यापासून ठोकळे करून, त्या उंचवट्यांवर नवी वसाहत बांधली. म्हणूनच आज मुरानुवमध्ये अनेक इमारती रस्त्यापेक्षा उंचावर आहेत आणि दारापर्यंत जायला पायऱ्या चढाव्या लागतात. मुलांचे खेळ चाललेले असतात, बाल्कन्यांत फुलांच्या कुंड्या असतात, आणि त्या पायऱ्यांखाली पूर्वीचे शहर आहे. एवढी एकच गोष्ट पाहायला मी कोणालाही वॉर्साला जायला सांगेन. शहराच्या पदपथांवर ठिकठिकाणी लोखंडी पट्ट्या बसवून भिंत कुठून जात होती ते दाखवले आहे. त्यांवर ‘घेट्टोची भिंत’ या अर्थाचे पोलिश शब्द आणि १९४०–१९४३ ही वर्षे आहेत.

पोलिन संग्रहालयासाठी किमान तीन तास राखावेत. ते मृत्यूचे संग्रहालय आहे या समजुतीने पुष्कळ जण ते टाळतात. वस्तुतः त्यात पोलंडमधील ज्यूंच्या हजार वर्षांच्या जगण्याचा इतिहास मांडला आहे: व्यापार, छपाई, धर्मचर्चा, नाटक, राजकारण. ग्वोझ्द्झिएत्स गावच्या लाकडी प्रार्थनामंदिराचे छत तिथे पुन्हा घडवले आहे. प्राणी, वेली आणि राशिचिन्हांनी भरलेले ते रंगीत छत खाली उभे राहून सावकाश पाहावे. बाहेर १९४८ मध्ये उभारलेले वीरांचे स्मारक आहे. १९७० मध्ये पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर विली ब्रांट याच स्मारकापुढे गुडघे टेकून बसले होते. शहराच्या मध्यभागी, संस्कृती आणि विज्ञान प्रासादाजवळच्या बागेत यानुश कोर्चाक यांचे स्मारक आहे. घेट्टोतल्या आपल्या अनाथाश्रमात या बालरोगतज्ज्ञाने जुलै १९४२ मध्ये मुलांकडून रवींद्रनाथांचे ‘डाकघर’ बसवून घेतले होते. पुढच्याच महिन्यात ते मुलांसह त्रेब्लिंकाला गेले. स्वतःची सुटका करून घेण्याची संधी त्यांनी नाकारली.

हा दिवस जड जातो. म्हणून उठावाचे संग्रहालय त्याच दिवशी उरकण्याचा मोह टाळावा आणि ते शनिवारी सकाळी पाहावे. व्होला भागातल्या एका जुन्या ट्राम-वीजकेंद्रात २००४ पासून हे संग्रहालय आहे. १ ऑगस्ट १९४४ रोजी सुरू झालेला उठाव ६३ दिवस चालला. त्यातील उत्तरार्धात सोव्हिएत सैन्य व्हिस्तुला नदीच्या पलीकडच्या तीरावर येऊन ठेपले होते, पण शहराला पुरेशी मदत मिळाली नाही. तिथे ‘उद्ध्वस्त शहर’ हा छोटा त्रिमिती चित्रपट दाखवतात. १९४५च्या वॉर्सावरून विमान जात असल्याचे ते दृश्य आहे. पहिल्या दिवशी जुने शहर पाहिलेले असेल, तर या चित्रपटाचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही. आपली सहल १ ऑगस्टला येत असेल, तर संध्याकाळी पाच वाजता रस्त्यावर असावे. भोंगे वाजू लागतात, वाहने आणि माणसे मिनिटभर जिथल्या तिथे थांबतात. आपणही थांबावे आणि त्या मिनिटात चित्रण करत हिंडू नये, अशी माझी विनंती आहे.

शनिवारची दुपार मोकळी ठेवावी. नदीकाठी विद्यापीठाचे ग्रंथालय आहे. त्याच्या छतावर प्रशस्त बाग केलेली आहे, ती हिवाळा सोडून सर्वांना खुली असते. ग्रंथालयाच्या रस्त्याकडील दर्शनी भागावर उघड्या पुस्तकांच्या पानांसारखे मोठाले फलक आहेत आणि त्यांवर जगातल्या विविध विद्यापरंपरांतील उतारे कोरले आहेत. त्यांत देवनागरीतला संस्कृत उतारा पाहून आपल्या माणसाचे पाय आपोआप थबकतात. पुढे नदीकाठाने चालावे. व्हिस्तुलाचा पूर्वेकडचा काठ अजून झाडीचा आणि वाळूचा आहे.

खाण्याबद्दल शाकाहारी मंडळी उगाच धास्तावतात. ‘बार म्लेच्नी’ नावाची साधी, स्वस्त जेवणघरे वॉर्साभर आहेत. साम्यवादी काळात ती बहरली आणि सरकारी अनुदानामुळे आजही टिकून आहेत. गल्ल्यावर पैसे भरून पावती घ्यायची, ती खिडकीशी द्यायची आणि ताट स्वतः उचलून आणायचे. तिथे ‘पिएरोगी रुस्किए’ मागावेत: उकडलेल्या कानोल्यांत बटाटा आणि ताजे चीज भरलेले असते. मात्र, वरून परतलेल्या डुकराच्या चरबीचे तुकडे घालण्याची पद्धत आहे, तेव्हा ‘बेझ स्क्वारेक’ असे आधीच सांगावे. बीटचे तांबडे सारही चांगले लागते, पण ते मांसाच्या पाण्यात केले आहे का, हे विचारून घ्यावे.

रविवार वाझिएन्की उद्यानाचा. दुपारच्या मैफलीसाठी अर्धा तास आधी पोहोचले तर पुतळ्याजवळ जागा मिळते; नंतर तळ्यातला प्रासाद पाहावा. शोपँचे हृदय ज्या खांबात ठेवले आहे ते पवित्र क्रूसाचे चर्च राजवाड्यापासून निघणाऱ्या ‘राजमार्ग’ नावाच्या जुन्या रस्त्यावर आहे. विलानुवचा राजवाडा उत्साह असेल तर पाहावा. चार दिवसांत तो राहून गेला तरी हळहळू नये.

उरलेल्या व्यवस्था सोप्या आहेत. पोलंड शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, असल्याने तोच शेंगेन व्हिसा चालतो. सहलीतले सर्वाधिक दिवस पोलंडमध्ये असतील, तर अर्जही पोलंडकडेच करावा लागतो, आणि प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. चलन मात्र झ्लॉटी आहे. मेट्रो, ट्राम, बस आणि शहरी रेल्वे यांना एकच तिकीट चालते. तीन दिवसांचे तिकीट काढावे आणि पहिल्या प्रवासाच्या वेळी यंत्रात घालून त्यावर न विसरता शिक्का उमटवून घ्यावा, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. क्राकुवला रेल्वेने अडीच तासांच्या आसपास लागतात, तेव्हा तिकडे सोमवारी सकाळी निघावे. क्राकुव युद्धातून बरेचसे जसेच्या तसे वाचले, आणि ते वॉर्सानंतर पाहिले म्हणजे या दोन शहरांच्या नशिबांत किती अंतर पडले, हे तिथल्या पहिल्याच रस्त्यावर कळते.