जागा कोणत्या राज्याला किती?

श्रोतेहो, नमस्कार. महाराष्ट्रातून लोकसभेवर ४८ खासदार निवडून जातात, हे आपल्याला पाठ असतं. पण ४८च का? आज हा हिशेब आपण समजून घेणार आहोत.

राज्यघटनेचं कलम ८१ सांगतं की, राज्याची लोकसंख्या आणि त्याला मिळालेल्या जागा यांचं प्रमाण शक्य तोवर सर्व राज्यांत सारखं हवं. इथे लोकसंख्या म्हणजे मतदारयादी नव्हे. आजचं तान्हं बाळही या हिशेबात धरलं जातं. १९७१च्या जनगणनेवर हे वाटप झालं, तेव्हा ते खरोखरच नेटकं जमलं होतं. महाराष्ट्रात एका खासदारामागे साधारण साडेदहा लाख माणसं, राजस्थानात १० लाख ३० हजार आणि केरळात १० लाख ७० हजार.

पुढे १९७६मध्ये बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने हे आकडे गोठवले. लोकसंख्येला आळा घालणाऱ्या राज्यांच्या जागा त्यापायी कमी होऊ नयेत, हा हेतू होता. चौऱ्याऐंशीव्या घटनादुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत वाढवली. इथे बऱ्याच जणांचा घोटाळा होतो. २००८मध्ये आपल्याकडे मतदारसंघांची पुनर्रचना झाली, ती २००१च्या लोकसंख्येवर. पण बदलल्या त्या राज्यांतर्गत सीमा. राज्याच्या वाट्याच्या जागा १९७१च्याच राहिल्या.

दरम्यान लोकसंख्या काही थांबली नाही. २०११च्या जनगणनेनुसार एका खासदारामागे राजस्थानात २७ लाख ४० हजार, महाराष्ट्रात २३ लाख ४० हजार आणि केरळात १६ लाख ७० हजार माणसं आहेत. म्हणजे राजस्थानातल्या माणसाच्या मताचं वजन केरळातल्या माणसाच्या तुलनेत साठ टक्क्यांच्या आसपास उरलं. केरळाने कुटुंबनियोजन नेटाने केलं, त्याची शिक्षा त्याला होऊ नये हे मला पटतं. पण राजस्थानातल्या मतदाराचं म्हणणंही खोडून काढता येत नाही.

आता २०११चेच आकडे घेऊन ५४३ जागा नव्याने वाटून पाहू. देशाची लोकसंख्या १२१ कोटी. तिला ५४३ने भागलं की एका जागेमागे सुमारे २२ लाख ३० हजार येतात. या आकड्याने राज्याची लोकसंख्या भागायची. केरळाला १४.९८, तामिळनाडूला ३२.३५, उत्तर प्रदेशाला ८९.६, महाराष्ट्राला ५०.४. खरी मेख आहे ती या दशांश चिन्हाच्या उजवीकडे. ०.४ खासदार कोणी निवडून देऊ शकत नाही. मग हे तुकडे कुणाच्या पदरात टाकायचे?

सरळ वाटणारा उपाय असा: पूर्णांक आधी द्यायचे, मग उरलेल्या जागा सर्वांत मोठ्या अपूर्णांकापासून उतरत्या क्रमाने वाटायच्या. अमेरिकेत १८८०च्या जनगणनेनंतर याच रीतीने आकडेमोड केली, तेव्हा विचित्र गोष्ट उघड झाली. सभागृहात २९९ जागा धरल्या तर अलाबामाला ८ मिळत होत्या, ३०० धरल्या तर ७! एकूण जागा वाढवल्या आणि एका राज्याची जागा घटली.

म्हणून १९४१पासून तिथे वेगळी रीत कायद्यानेच ठरलेली आहे. एकूण जागा ४३५. पन्नास राज्यांना आधी एकेक जागा. उरलेल्या ३८५ एकामागून एक द्यायच्या. राज्याकडे आत्ता असलेल्या जागांना त्याच्या पुढच्या संख्येने गुणायचं, गुणाकाराचं वर्गमूळ काढायचं आणि त्याने लोकसंख्येला भागायचं. ज्याचा भागाकार मोठा, पुढची जागा त्याची. २०२०च्या जनगणनेनंतर शेवटची, ४३५वी जागा वाटताना मिनेसोटाचा भागाकार आला ७,६२,९९८ आणि न्यूयॉर्कचा ७,६२,९९४. जागा मिनेसोटाला गेली. न्यूयॉर्कच्या गणनेत आणखी ८९ माणसं असती, तर ती न्यूयॉर्कला मिळाली असती. निकाल चुरशीचा होता, पण रीत आधीच छापलेली असल्यामुळे कुणाच्या मर्जीचा प्रश्नच आला नाही.

आपल्याकडे एकूण जागा वाढवल्या तर कुणाचंच नुकसान होणार नाही, असंही सांगितलं जातं. हिशेब करून पाहा. २०११च्या लोकसंख्येवर केरळाच्या २० जागा राखायच्या, तर लोकसभा सुमारे ७२५ जागांची करावी लागेल. महाराष्ट्राच्या ६७ होतील. केरळाची एकही जागा जाणार नाही, पण सभागृहातला त्याचा वाटा ३.७ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर येईल. मतदान होतं तेव्हा मोजला जातो तो वाटा.

लहान राज्यांचं गणित वेगळं आहे. साठ लाखांपर्यंत लोकसंख्या असलेल्या राज्याला समान प्रमाणाचा नियम लागू होत नाही, अशी सवलत कलम ८१मध्येच आहे. साडेचौदा लाखांच्या गोव्याला दोन खासदार मिळतात ते त्यामुळेच. नुसत्या भागाकाराने एकच आला असता.

मात्र मोठ्या राज्यांच्या अपूर्णांकांचं काय करायचं, याचं सूत्र आपल्या घटनेत नाही. ‘शक्य तोवर’ एवढेच शब्द आहेत, बाकीचं परिसीमन आयोगावर, म्हणजे मतदारसंघांची पुनर्रचना करणाऱ्या आयोगावर, सोडलेलं आहे. आयोग मसुदा प्रसिद्ध करतो, हरकती मागवतो, जाहीर सुनावण्या घेतो. पण अंतिम आदेश राजपत्रात आला की त्याला कायद्याचं बळ मिळतं. तो लोकसभेपुढे आणि विधानसभांपुढे ठेवला जातो, मात्र त्यात फेरफार करण्याचा अधिकार त्यांना नाही. म्हणून हे सूत्र संसदेने परिसीमन कायद्यातच लिहायला हवं, आणि तेही जनगणनेचे आकडे बाहेर येण्याआधी. आकडे हाती आल्यावर प्रत्येक राज्याला कोणतं सूत्र आपल्या फायद्याचं ते कळलेलं असेल, आणि मग एकमत होणं फार अवघड आहे.