हजार विड्यांचा हिशेब

[दृश्य: विडीच्या बंडलाचा क्लोज-अप. बोटं वरचा कागद सरळ करतात.]

सोलापुरातल्या कुठल्याही पानटपरीवर मिळणारं हे विडीचं बंडल. कागदावर छापाचं नाव आहे, किंमत आहे आणि या दोन्हींपेक्षा कितीतरी मोठं, तंबाखूनं होणाऱ्या आजाराचं चित्र आहे. 1 एप्रिल 2016 पासून वेष्टनाचा 85 टक्के भाग या इशाऱ्याला द्यावा लागतो. तो आरोग्य खात्याचा नियम. किमतीत जीएसटी धरलेला आहे, तो अर्थ खात्याचा. आणि 2017 पर्यंत याच विडीवर आणखी एक लहानशी आकारणी होती. तिचा पैसा कामगार खात्यामार्फत विडी वळणाऱ्या बाईसाठी खर्च व्हायचा. बंडलावर ती कधी छापलेली नसायची, त्यामुळे ती गेली तेव्हाही फारसं कुणाला कळलं नाही.

कर वाढला, कर कमी झाला, याच्या बातम्या होतात. हजार विड्यांमागच्या त्या आकारणीचं काय झालं, ते सांगण्यासाठी आम्ही हा माहितीपट केला.

[दृश्य: सोलापूरचा पूर्व भाग. सकाळ. यंत्रमागांचा आवाज.]

सोलापूर म्हटलं की चादर आठवते, टॉवेल आठवतो. 1877 मध्ये सुरू झालेली जुनी मिल, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू. गिरण्यांच्या भोंग्यावर या शहराची घड्याळं लागायची. तेलंगणातून आलेला पद्मशाली समाज इथं विणकर म्हणून स्थिरावला आणि पूर्व भागात मराठीइतकीच तेलुगू कानावर पडू लागली. एकेक करून गिरण्या बंद पडल्या आणि घरं चालवायला दोन धंदे उरले. नवरा यंत्रमागावर, बायको विडीवर. आजही इथल्या असंख्य घरांची हीच मांडणी आहे. मागाला सुताच्या भावाचा फटका बसला की आठवड्याचा बाजार विडीच्या पैशावर होतो. विडी हा या घरात जोडधंदा कधीच नव्हता.

[दृश्य: घराचा उंबरा. मांडीवर सूप घेतलेली एक बाई. चेहरा दिसत नाही, हात दिसतात.]

या अक्कांचे हात नीट बघा. तेंदूची पानं रात्री भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली आहेत. कोरडं पान कातरताना फाटतं आणि फार भिजलं तर विडी काळी पडते. पानावर पत्र्याचा साचा ठेवायचा, कात्रीनं कडेनं कापायचं. चिमटीभर जर्दा पसरायचा. एका टोकाकडून वळत न्यायचं, तोंड नखानं आत दुमडायचं, दोऱ्याचे दोन वेढे. एक विडी झाली. अशा हजार वळल्या की एक मजुरी.

हजार विड्या म्हणजे हजार वेळा कात्री, हजार वेळा नख. वर्षानुवर्षं हे काम केलेल्या बाईच्या अंगठ्याचं नख आणि पाठीचा कणा, दोन्ही तुम्हाला तिचं वय चुकीचं सांगतील. जर्द्याची धूळ दिवसभर नाकातोंडात जाते. घर एका खोलीचं असेल तर ती शेजारी झोपलेल्या लेकराच्याही नाकात जाते.

मग विड्या घेऊन ब्रँचला जायचं, म्हणजे कारखान्याच्या शाखेत. तिथं तपासणी होते. आखूड, सैल, फाटकी विडी बाजूला काढतात. त्याला छाट म्हणतात. पानं खराब मिळाली की छाट वाढते. पानं कारखान्याची असतात, पण छाट बाईच्या हजारातून जाते. भरपाई म्हणून तिला जास्तीच्या विड्या वळाव्या लागतात आणि त्या वेळेची मजुरी कुणी धरत नाही.

[दृश्य: जुनं लॉगबुक, म्हणजे विडी वळणाऱ्या बाईच्या कामाची नोंदवही. पिवळी पडलेली पानं, तारखा, आकडे.]

घरात बसून काम करणारी ही बाई कायद्याच्या लेखी कामगार आहे का, हा प्रश्न एकेकाळी खरोखर विचारला गेला होता. 1966 मध्ये संसदेनं विडी आणि सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. 1977 मध्ये विडी उद्योग भविष्य निर्वाह निधीच्या कायद्याखाली आला. मालकांचं म्हणणं असं, की ही बाई आमच्या छपराखाली काम करत नाही, मग ती आमची कामगार कशी? 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो वाद मिटवला. विडी पसंत-नापसंत करण्याचा अधिकार मालकाकडे आहे, म्हणजे कामावर त्याचं नियंत्रण आहे. तेव्हा घरी विड्या वळणारी बाईसुद्धा त्याची कामगार आणि पीएफची हक्कदार. ज्या छाटीनं तिचा घाम काढला, तीच न्यायालयात तिच्या बाजूनं उभी राहिली.

1966 चा कायदा आणि हा निकाल यांच्या मधे, 1976 मध्ये, आणखी एक गोष्ट झाली होती. विडी कामगार कल्याण निधी. तयार होणाऱ्या प्रत्येक हजार विड्यांवर कारखानदारानं ठरावीक उपकर भरायचा आणि त्या पैशातून कामगारांसाठी दवाखाने, मुलांना शिष्यवृत्ती, घरासाठी मदत. शेवटी शेवटी हा उपकर हजारी पाच रुपये होता. पंचवीस विड्यांच्या बंडलामागे साडेबारा पैसे. ओढणाऱ्याला तो जाणवत नव्हता आणि कारखानदार त्यानं बुडत नव्हता.

[दृश्य: कुंभारीचं गोदुताई परुळेकर विडी घरकुल. एकसारख्या घरांच्या रांगा.]

त्या पैशानं काय होऊ शकतं हे बघायचं तर सोलापूरजवळ कुंभारीला या. कॉम्रेड गोदुताई परुळेकरांच्या नावानं उभी राहिलेली ही दहा हजार घरांची वसाहत. माजी आमदार नरसय्या आडम मास्तरांच्या नेतृत्वाखाली विडी कामगार बायकांनी त्यासाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले. केंद्राचा वाटा, राज्याचा वाटा आणि बायकांनी विड्या वळून साठवलेला स्वतःचा वाटा, यातून ही घरं झाली. 1 सप्टेंबर 2006 रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती सुपूर्द झाली. पुढं असंघटित कामगारांसाठी रे नगरचा तीस हजार घरांचा प्रकल्प आला. त्यातल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या 19 जानेवारी 2024 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी इथं येऊन दिल्या. भाड्याच्या खोलीत जन्म काढलेल्या बाईला दारावर स्वतःचं नाव मिळणं, ही सरकारी धोरणानं सोलापुरात केलेली सगळ्यात मोठी गोष्ट आहे, असं मी मानतो.

[दृश्य: कारखान्याचं गोदाम. तेंदूपानाची पोती.]

1 जुलै 2017. जीएसटी आला आणि विडी 28 टक्क्यांच्या सगळ्यात वरच्या टप्प्यात गेली. सिगारेटवर जीएसटीखेरीज भरपाई उपकर होता, विडीवर तो लागला नाही. तेंदूपानावर 18 टक्के. त्याआधी विडीवरचं उत्पादन शुल्क हजारी ठरावीक रकमेत असायचं; स्वस्त विडी असो की महाग, शुल्क तेवढंच. आता ते किमतीच्या टक्क्यात गेलं. हाती वळलेल्या वर्षाला वीस लाखांपर्यंतच्या विड्यांना आधी शुल्कात माफी होती. ती मोजदादही गेली.

पानाचं गणित वेगळं सांगायला हवं, कारण कारखानदाराची खरी अडचण तिथं होती. तेंदूपान वर्षातून एकदाच, उन्हाळ्यात तोडतात. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाच्या जंगलात, मध्य प्रदेश, छत्तीसगडात. म्हणजे बारा महिन्यांचा माल काही आठवड्यांत उचलायचा आणि त्यावरचा 18 टक्के करही तेव्हाच मोजायचा. तो कर पुढं विडीच्या करातून वळता होतो हे खरं. पण विडी तयार होऊन विकली जाईल तेव्हा. तोवर पैसा गोदामात पोत्यांबरोबर पडून. मोठ्या कंपनीला बँक उभी करते. लहान कारखानदार पान कमी उचलतो आणि पान संपलं की ब्रँचमधून निरोप येतो, या आठवड्यात काम कमी. अर्थ खात्यातल्या एका दराचा धक्का उंबऱ्यावरच्या सुपापर्यंत असा पोचतो.

त्याचा फायदा कुणाला झाला, हे लपून राहिलेलं नाही. पावती नसलेल्या, कर न भरलेल्या विडीला. एकावर 28 टक्के कर आणि दुसरीवर शून्य, अशा दोन विड्या एकाच टपरीवर शेजारी ठेवल्या तर खिसा हलका असलेला माणूस कुठली उचलेल? बिनपावतीची विडीही कुणीतरी बाईच वळते. फरक एवढाच, की तिचं लॉगबुक नसतं आणि पीएफही नसतो.

आणि याच जीएसटीच्या तयारीत, कर सुटसुटीत करायचे म्हणून जे अनेक उपकर रद्द झाले, त्यांत विडी कामगारांचा हजारी पाच रुपयांचा उपकरही गेला. योजना बंद झाल्या नाहीत, शिष्यवृत्ती आहे, दवाखाने आहेत. पण आता त्यांचा पैसा अर्थसंकल्पातून येतो. पूर्वी विडी वळली की निधीत पैसा पडायचाच, मग दिल्लीत सरकार कुणाचंही असो. आता किती द्यायचं ते दरवर्षी ठरतं. विडीवरचा कर वाढला त्याच दिवशी त्या करातला बाईचा राखीव वाटा संपला, याचं मला आजही वाईट वाटतं.

[दृश्य: बांधकामाची जागा. दुपारची सुट्टी. विडी शिलगावणारे हात.]

आता विडी ओढणाऱ्याकडे या. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात देशातले 7.7 टक्के प्रौढ विडी ओढत होते, सिगारेट ओढणारे 4 टक्के. गवंडी, हमाल, शेतमजूर, ट्रकचालक, म्हणजे आजारपणाचा खर्च ज्याला सगळ्यात कमी झेपतो तो माणूस. विडी पानाची, नैसर्गिक, म्हणून कमी घातक, हा समज चुकीचा आहे. तेंदूचं पान कागदासारखं हवा आत घेत नाही, विडी मधेच विझते, म्हणून झुरके जोरात आणि जास्त घ्यावे लागतात. फुप्फुसं, घसा, हृदय, सगळ्यांना ती भोवते.

म्हणून मी एक गोष्ट स्पष्ट बोलतो. तंबाखू महाग झाली की तिचा वापर घटतो, हे जगभर दिसलेलं आहे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, किरकोळ किमतीत कराचा वाटा किमान 75 टक्के असावा. आपल्या विडीचं गणित करा. जानेवारी 2026 पर्यंत शंभर रुपयांवर 28 रुपये कर होता, म्हणजे 128 मधले 28. साधारण 22 टक्के. महाराष्ट्रानं 2020 च्या सप्टेंबरात सुटी सिगारेट आणि सुटी विडी विकायला बंदी घातली, ते योग्यच केलं. पण कराच्या बाबतीत आपण उलटे चाललो आहोत.

[दृश्य: कारखान्याचा हिशेबनीस, वही आणि कॅल्क्युलेटर.]

3 सप्टेंबर 2025 च्या बैठकीत जीएसटी परिषदेनं ठरवलं, विडी 28 वरून 18 टक्क्यांवर आणि तेंदूपान 18 वरून 5 वर. विडीचा नवा दर 1 फेब्रुवारी 2026 पासून लागू झाला. बाकी तंबाखू 40 टक्क्यांच्या टप्प्यात गेली, विडीला सूट मिळाली. या सवलतीच्या मागं लाखो विडी कामगारांच्या पोटाचं कारण दिलं जातं.

पानावरचा कर कमी झाला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. उन्हाळ्यात अडकणारा पैसा सुटेल, काम नियमित मिळेल. पण विडीवरच्या दहा टक्क्यांचं काय? कारखानदार किंमत उतरवेल, तर विडी स्वस्त होईल आणि ओढणारा जास्त ओढेल. किंमत तीच ठेवेल, तर फरक त्याच्याकडे राहील. तिसरी वाट, हजारी मजुरी वाढवण्याची, त्याला खुली आहे. पण ती सक्तीची करणारं एक वाक्यही या निर्णयात नाही. जिच्या नावानं कर उतरला, तिच्या पदरात काय पडलं हे कुणी मोजणार नाही. दहा टक्के सोडायचेच होते, तर त्यातला एक हिस्सा हजारी उपकर म्हणून परत बांधून टाकायचा होता. यंत्रणा होती, कित्येक वर्षं ती चाललेली होती.

[दृश्य: गारमेंट युनिट. शिलाई मशीनवर तरुण मुली.]

घरकुलातल्या मुली सहसा विडीवर बसत नाहीत. शाळेच्या गणवेशांसाठी सोलापूरचं नाव झालंय, त्या शिलाईत काही जातात, काही नर्सिंगला, काही पुण्याला. हे चांगलंच आहे. विडीचा धंदा हळूहळू संपावा असं सरकारला वाटत असेल तर त्यातही चूक नाही. पण पन्नाशीच्या अक्का, चष्म्याचा नंबर वाढलेल्या, मशीनवर बसून नवं शिकतील ही अपेक्षा धरू नका. त्यांच्यासाठी उरतं ते पेन्शन. ईपीएफच्या पेन्शनची किमान रक्कम सप्टेंबर 2014 मध्ये महिना एक हजार रुपये ठरली. तेव्हापासून ती तेवढीच आहे.

21 नोव्हेंबर 2025 ला चार कामगार संहिता लागू झाल्या आणि 1966 चा विडी कामगारांचा कायदा त्यात विलीन झाला. मालकाशी नातं सिद्ध करणारा कागद यापुढं आणखी महत्त्वाचा होणार आहे.

तुम्ही हा व्हिडिओ घरकुलात, दत्तनगरात किंवा नीलम नगरात बघत असाल, तर आईचं लॉगबुक आजच बाहेर काढा. पीएफवर तिचं नाव आधारवर आहे तसंच आहे का बघा. माहेरचं नाव, सासरचं नाव, तेलुगू आडनावाचं स्पेलिंग, इथंच बहुतेक दावे अडकतात. जन्मतारीख जुळते का, यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक, मोबाइल नंबरला जोडलाय का, पेन्शनसाठी लागणारी नोकरीची दहा वर्षं पूर्ण दिसतात का, हे तपासा. चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज ब्रँचमधून आत्ताच द्या; ती निवृत्त झाल्यावर सही करायला ब्रँच जागेवर असेलच असं नाही.