दोन रुपयांची एसटी

कार्यक्रमपत्रिकेत 'बचत गट ते मायक्रोफायनान्स' असा भारदस्त विषय छापलाय. त्याकडे येतोच. आधी दोन रुपयांची गोष्ट. ज्यांनी ऐकलीय त्यांनी डुलकी काढावी, मागे पंखा आहे.

मी हिंगणघाटकडे एका बँकेत फील्ड ऑफिसर होतो. नाबार्डनं, म्हणजे शेती-ग्रामीण कर्जाच्या शिखर बँकेनं, 1992 मध्ये बचत गट बँकेला जोडायचा प्रयोग सुरू केला, त्याची परिपत्रकं आमच्या टेबलावर धूळ खात होती. एका दुपारी अकरा बाया काळीपिवळीतून उतरल्या. गटाचं खातं काढायचं. परिपत्रक न वाचताच मी विचारलं, "नवऱ्यांच्या सह्या?" अध्यक्षबाई म्हणाल्या, "सायेब, त्यायले सांगाचं असतं तं एवढ्या उन्हात कायले आलो असतो?" मॅनेजर हसले. मला हसायला दहा वर्षं लागली.

पुढं वेचणीच्या दिवसांत त्यांच्या बैठकीला गेलो. मारुतीच्या ओट्यावर, रात्री आठला. पत्र्याची पेटी, कंदील, हळदीच्या बोटांचे ठसे पडलेलं रजिस्टर. रोकड 2 रुपये कमी भरली. मला शेवटची एसटी गाठायची होती. खिशातलं नाणं काढून ठेवलं. सातवी शिकलेल्या सचिवबाईंनी ते परत सरकवलं. "तुमचे दोन रुपये टाकले तं पुस्तक खोटं होते."

दीड तास! अखेर सापडलं. 100 रुपयांच्या कर्जावरचं महिन्याचं व्याज, शेकडा दोननं, जमा लिहिलेलं, द्यायचं राहिलेलं. कोणाचं? अध्यक्षबाईंचंच. एसटी गेली. तुरीच्या सोल्यांची भाजी खाऊन ओट्यावरच झोपलो. सावकाराच्या सवाई-दिढीत, म्हणजे घेतल्याच्या सव्वापट-दीडपट फेडण्यात, वाढलेल्या या बायांचं व्याज आता त्यांच्याच पेटीत पडत होतं आणि हिशेब अकराजणींसमोर होत होता, हे मला त्या रात्री...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

तर मायक्रोफायनान्स, म्हणजे गरिबांना तारणाशिवाय छोटी कर्जं. बांगलादेशातली ग्रामीण बँक 1983 ची, नोबेल 2006 चं. आपलं माविम, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ, 1975 चं; गट बांधणारं राज्याचं उमेद अभियान 2011 नंतरचं. गटाची पंचसूत्री तुम्हाला पाठ आहे: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब. मायक्रोफायनान्स कंपन्यांनी गटातून एकच गोष्ट उचलली: एकीनं नाही भरलं तर बाकीच्यांनी भरायचं. पेटी नाही, बचत नाही, रजिस्टर वसुलीवाल्याच्या मोबाइलमध्ये. 2010 मध्ये आंध्रात या वसुलीच्या जाचाचा भडका उडाला. 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेनं नियम केला, हप्ते कुटुंबाच्या महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्यावर जाऊ नयेत. पण कापूस घरी येतो दिवाळीच्या आसपास, हप्तेवाला येतो दर आठवड्याला. जूनमध्ये घरातून बियाण्याला पैसा जातो. त्या महिन्याचं निम्मं कसं काढायचं?

परवा त्याच गावी गेलो होतो. सचिवबाईंच्या सुनेनं डब्यातून तीन कंपन्यांची कर्जाची तीन कार्डं काढली. बेरीज कोणी केलीच नव्हती. आम्ही दोघांनी ओट्यावर बसून केली. आतून सासूबाईंचा आवाज आला, "सायेब, अजून एकडाव जोडा."