आइस हॉकीचा गोलकीपर जोखायचा तर आधी त्याचे पाय बघा

नमस्कार मंडळी! आज बोलायचंय आइस हॉकीच्या गोलकीपरबद्दल, आणि निमित्त आहे कॅनडातल्या विनिपेग जेट्स संघाचा गोलकीपर कॉनर हेलेबक.

एनएचएलचा, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगचा, २०२४-२५ चा हंगाम आठवा. हेलेबकचं सेव्ह पर्सेंटेज होतं .९२५, म्हणजे नेटवर आलेल्या दर हजार शॉट्सपैकी ९२५ अडवले. लीगची सरासरी होती .९०० च्या आसपास. सर्वोत्तम गोलकीपरची व्हेझिना ट्रॉफी त्याला मिळाली आणि अख्ख्या लीगमधल्या सर्वात मोलाच्या खेळाडूची हार्ट ट्रॉफीसुद्धा! गोलकीपरला हार्ट क्वचितच मिळते; त्याआधी २०१५ मध्ये केरी प्राइसला मिळाली होती.

मग प्लेऑफ, म्हणजे हंगामानंतरचे बाद फेरीचे सामने, आले. पहिल्याच फेरीत सेंट लुईस ब्लूजच्या मैदानावर तीन सामने झाले आणि तिन्ही सामन्यांत हेलेबकला मधूनच बाहेर बसवावं लागलं. झालं! लोकांनी निकाल देऊन टाकला: मोठा सामना आला की हा ढेपाळतो.

मला हा निकाल फार घाईचा वाटतो.

(स्क्रीनवर: २५ शॉट्स, ३ गोल = .८८०. २५ शॉट्स, २ गोल = .९२०)

हे बघा. एका सामन्यात २५ शॉट्स आले आणि तीन गोल झाले, तर गोलकीपर .८८०, म्हणजे वाईट. दोनच झाले तर .९२०, म्हणजे उत्तम. मधे फरक एका गोलचा, आणि तो गोल कुणाच्या तरी स्केटला लागून दिशा बदललेल्या पकचाही (पक म्हणजे खेळायची रबरी चकती) असू शकतो. नेटच्या खांबाला लागून बाहेर गेलेला पक तर शॉट म्हणून धरतही नाहीत. त्यामुळे एका सामन्याच्या टक्केवारीवर मी मत बनवत नाही. हंगामभराच्या आकड्याला मात्र वजन आहे.

मग सामना बघताना बघायचं काय? पाय. आणि तेही शॉट सुटायच्या आधी.

दहा मीटरवरून ताशी १४० किलोमीटर वेगाने मारलेला पक नेटपर्यंत यायला साधारण पाव सेकंद घेतो. एवढ्या वेळात बघून, ठरवून हात हलवणं जवळपास अशक्य. म्हणून बरेचसे सेव्ह शॉटच्या आधीच झालेले असतात. नेट १.८३ मीटर रुंद आहे. गोलकीपर गोललाइनपासून दीड मीटर पुढे आला, तर त्याच दहा मीटरवरच्या शॉटसाठी त्याला झाकायची रुंदी उरते जेमतेम १.५५ मीटर. छाती पकच्या समोर, दोन्ही स्केट थांबलेले, वजन किंचित पुढे. असा उभा असेल तर पक येऊन त्याच्या अंगावर आदळतो आणि आपल्याला वाटतं, काय सोपा शॉट होता! अशा सेव्हला टाळ्या मिळत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पण पुढे येण्याची किंमत असते. समजा, पक आडवा, नेटच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला पास झाला. आता गोलकीपरला मागच्या स्केटच्या आतल्या कडेने बर्फ ढकलून सरकायचंय, पुन्हा थांबायचंय, पुन्हा पकसमोर यायचंय. जितका पुढे, तितकं अंतर जास्त. सरकताना गुडघे उघडतात आणि पायांमधली फट, म्हणजे फाइव्ह होल, मोठी होते. एनएचएलमध्ये खेळलेले गोलकीपर स्टीव्ह व्हॅलिकेट यांनी एका नेटपासून दुसऱ्या नेटपर्यंत बर्फाच्या मधोमध जाणाऱ्या काल्पनिक रेषेला ‘रॉयल रोड’ असं नाव दिलंय. ती रेषा ओलांडणारा पास झाला आणि लगेच शॉट बसला, तर गोल होण्याची शक्यता कितीतरी वाढते. तिथे गोल झाला, तर मी आधी बचावपटूंकडे बघतो.

आता हेलेबककडे येऊ. तो उंचापुरा आहे, कमीत कमी हालचाल करतो, अंदाज घेऊन जागा धरतो. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये शूटआउटमध्ये (बरोबरीनंतर एकेका खेळाडूने गोलकीपरसमोर मारायचे शॉट्स) कॅनडाचे पाचही शॉट अडवणारा चेक गोलकीपर डॉमिनिक हाशेक याच्या अगदी उलट; हाशेक वाट्टेल तसा वळायचा, लोळायचा, स्टिक टाकून हाताने पक झाकायचा. हेलेबकसारख्याचा सगळा डोलारा पक दिसण्यावर उभा असतो. त्याच्यासमोर दोन माणसं उभी राहिली, लांबून, ब्लू लाइन म्हणजे बर्फावरच्या निळ्या रेषेजवळून शॉट आला आणि वाटेत कुणाची स्टिक लागली, तर अचूक जागा धरूनही तो हरतो. माझ्या मते त्याचा खरा कच्चा दुवा हा आहे, ‘दडपण’ नव्हे.

ब्लूजविरुद्धचा सातवा, निर्णायक सामना जेट्सनी दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये ४-३ असा जिंकला. पुढच्या फेरीत डॅलस स्टार्सविरुद्ध हेलेबकने घरच्या बर्फावर दोन सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही. डॅलसमध्ये मात्र तिन्ही सामने गेले. शेवटचा गेला ओव्हरटाइममध्ये, २-१ ने. त्या रात्री जेट्सनी एकच गोल केला होता. त्या पराभवाचं खापर मी तरी गोलकीपरवर फोडणार नाही.